तिसरा नळ

त्या न्हाणीघरात तीन नळ होते. एक गरम पाण्याचा, एक गार पाण्याचा आणि तिसरा झऱ्याचा. हॉटेलच्या मुलीने तो सोडून दाखवला आणि आम्हा दोघांचे चेहरे बघून हसली. इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या अगदी मधोमध, रोमन लोकांनी बांधलेल्या स्नानगृहांपासून दोन-तीन मिनिटांवर गेन्सबरो नावाचं हॉटेल आहे, तिथे आम्ही दोन रात्री राहिलो. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ब्रिस्टलला राहणाऱ्या मुला-सुनेने दिलेली ही भेट. खोलीचं भाडं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ह्यांनी मात्र काउंटरवरच्या कागदावरून नजर फिरवली असावी, कारण पहिल्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

माझं लहानपण ठाण्यात, चरईतल्या चाळीत गेलं. मजल्याला एक नळ, त्याखाली कळशांची रांग, आणि साडेपाचला पाणी आलं की जिने दणाणायचे. त्यामुळे तिसऱ्या नळाचं मला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली. पण खोटं कशाला सांगू, त्या ऊन पाण्यात अर्धा तास पडून राहिल्यावर गुडघ्यांनी जे आशीर्वाद दिले ते अजून आठवतात. खाली तळघरात झऱ्याच्या पाण्याचे तीन हौद होते. पांढरे झगे घातलेली माणसं एका हौदातून दुसऱ्यात जात होती. पोहण्याचा पोशाख घालावा लागतो हे आधी कळलं असतं तर मी बहुतेक निघालेच नसते. सुनेने तो गुपचूप माझ्या बॅगेत टाकला होता.

घरी परतल्यावर फोटो बघता बघता माझा भाचा म्हणाला, "मावशी, आपल्या तलावपाळीलाही असं एक हॉटेल झालं पाहिजे. जुन्या ठाण्याला त्याशिवाय तरणोपाय नाही." तलावपाळी म्हणजे जुन्या ठाण्याच्या मधोमध असलेल्या मासुंदा तलावाचा काठ. भाचा वास्तुविशारद आहे. शेजारी माझी मैत्रीण बसली होती. तिने जन्मभर शाळेत इतिहास शिकवलाय. ती ताडकन म्हणाली, "तलावपाळी काय मालिश करून घ्यायला आहे?" चहा थंड झाला. मी तेव्हा दोघांनाही उत्तर दिलं नाही. आता देते.

भाच्याचं म्हणणं आधी घेते, कारण ते आपल्याला न आवडणारं आहे. जुन्या ठाण्याच्या गाभ्याला आज धोका कोणाचा आहे? पंचतारांकित हॉटेलचा तर नक्कीच नाही. खारकर आळी, चरई, नौपाडा, जांभळी नाक्याच्या मागच्या गल्ल्या, इथे उरलेली कौलारू घरं आणि दुमजली वाडे एकामागून एक हिरव्या जाळीआड जातायत, आणि जाळी निघते तेव्हा आतून टॉवर बाहेर येतो. बिल्डरला जुनी भिंत अडचण वाटते, त्याला फक्त खालची जमीन हवी असते. मालकांचाही दोष काढता येत नाही. चार भावांचा वाडा, भाडेकरू चिल्लर भाडं भरणारे, पावसाळ्यात छत गळतं, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते. अशा घराला कोण हात लावणार? जुनी तुळई, नक्षीचा खांब, अंगणातली विहीर यांची किंमत पैशात मोजणारं एकच गिऱ्हाईक बाजारात आहे, आणि ते म्हणजे हॉटेलवाला. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या वर्गवारीत इमारत 1950 पूर्वीची असेल आणि किमान पाच खोल्या असतील तर तिला हेरिटेज हॉटेलचा दर्जा मागता येतो. पाच खोल्यांचा वाडा ठाण्यात अजून सापडतो. आणखी दहा वर्षांनी सापडणार नाही.

म्हणून तत्त्व म्हणून मी हॉटेलच्या विरोधात नाही. 'आपल्या वारशाचा बाजार' वगैरे शब्द मला आता टोचेनासे झालेत. बाजार तसाही मांडलेला आहेच, फक्त तो चौरस फुटांचा आहे.

मैत्रिणीचं म्हणणं मात्र वेगळ्या जागेवर बोट ठेवतं. आलिशान स्पा हॉटेल विकतं काय? शांतता. आणि गावाच्या मध्यावर शांतता हवी असेल तर गावाला बाहेर ठेवावं लागतं. जाड काचा, दारात सुरक्षारक्षक, गाड्यांसाठी अडवलेला रस्ता. मासुंद्याचा काठ म्हणजे कोपिनेश्वराच्या घंटा, संध्याकाळची भेळ, नौकाविहाराच्या रांगा, गडकरी रंगायतनचं मध्यंतर, दिवाळी पहाटेला नटूनथटून आलेली पोरं, पाडव्याच्या स्वागतयात्रेतली लेझीम. यातलं एकही शांत नाही. ज्या गोंगाटासाठी लोक तलावपाळीला येतात, त्याचीच तक्रार खिडकी उघडल्याउघडल्या करणारा पाहुणा तिथे कशाला हवा?

हा प्रश्न बाथने कसा सोडवला ते मी तिथे बघितलं, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं. बाथच्या झऱ्यांतून रोज दहा लाख लिटरांहून जास्त पाणी वर येतं, साधारण 46 अंश ऊन. हॉटेल मलेशियातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाचं आहे. पण झरे त्याचे नाहीत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या एलिझाबेथ राणीने सनद दिली तेव्हापासून ते शहराच्या ताब्यात आहेत, आज तिथल्या कौन्सिलकडे. माझ्या टबात आलेला तिसरा नळ हा गावाच्या पाण्याचा नळ होता. हॉटेल त्या पाण्याचं गिऱ्हाईक, मी हॉटेलचं गिऱ्हाईक.

गावानेही ते पाणी फक्त हॉटेलला देऊन हात झटकले नाहीत. 1978 साली पाण्यातल्या अमीबामुळे एका मुलीचा जीव गेला आणि तिथलं स्नान बंद झालं. पुन्हा लोक त्या पाण्यात उतरले ते 2006 साली, तेही आधी सार्वजनिक स्नानगृहात. तिथल्या राष्ट्रीय लॉटरीचा पैसा आणि कौन्सिलचा पैसा घालून ते बांधलं. सव्वा कोटी पौंडांच्या आसपास धरलेला खर्च साडेचार कोटींवर गेला आणि काम काही वर्षं रखडलं, हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. आमचं हॉटेल उघडलं 2015 साली, त्यानंतर नऊ वर्षांनी. आधी गाव, मग पाहुणा. रोमन स्नानगृह बघायला आम्ही तिकीट काढलं, पण बाथच्या रहिवाशाला कार्ड दाखवून फुकट आत जाता येतं. माझ्या सुनेला नाही, कारण ती ब्रिस्टलची. तिने त्यावर नाक मुरडलं.

आणखी एक गोष्ट. ज्या इमारतीत आम्ही झोपलो तिथे एकोणिसाव्या शतकात रुग्णालय होतं. हॉटेलसाठी काम सुरू होण्याआधी तिथे पुरातत्त्वाचं उत्खनन झालं, आणि जमिनीखाली रोमन काळातली 17,577 चांदीची नाणी सापडली, आठ थैल्यांत भरलेली. ती हॉटेलच्या लॉबीत काचेच्या पेटीत ठेवलेली नाहीत. गावच्या संग्रहालयाने ती मिळवली आणि तिथेच ती बघता येतात.

हे ऐकून मला आपला ताम्रपट आठवला. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात नवीन बांधकामासाठी पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट मिळाला, शके 939 म्हणजे इसवी सन 1017 चा. त्याचं भाषांतर पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात छापलं गेलं. हजार वर्षांपूर्वी हे गाव किती नांदतं होतं याचा हा लेखी पुरावा. आता कोणत्याही ठाणेकराला विचारा, तो ताम्रपट ठाण्यात कुठे बघायला मिळतो. मी शाळेच्या सहलीसाठी एकदा विचारत फिरले होते. नाहीच मिळत.

तेव्हा हॉटेल हवं की नको हा वाद मला फुकटचा वाटतो. मालकी कोणाची, वाट कोणाची, आणि खणताना जे हाती लागेल ते कोणाचं, हे आधी बोला. हॉटेलच्या दर्जाचे तारे नंतर मोजता येतील.

आता पाण्याकडे येते. स्पा म्हणजे शेवटी पाणी. हा शब्दच बेल्जियममधल्या स्पा नावाच्या गावावरून आला आणि त्या गावात लोक जायचे ते झऱ्यांसाठी. 2021 साली युनेस्कोने युरोपातली अशी अकरा गावं एकत्र जागतिक वारसा यादीत घेतली, त्यात स्पा आहे, बाथ आहे, कार्लोव्ही व्हारी आहे. या गावांनी हॉटेलं बांधली कारण पाणी आधीपासून होतं. ठाण्याच्या मध्यावर तसं पाणी कुठलं? आपल्याकडे तलाव आहेत, एकेकाळी साठाच्या वर होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. पण ते बघायचं पाणी, फार तर होडी वल्हवायचं. प्यायचं पाणी शहर चार ठिकाणांहून गोळा करतं: स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी, मुंबई महापालिका आणि आपली स्वतःची योजना. तरी एप्रिल उजाडला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या दारात टँकर उभे. अशा शहरात तळघरात तीन हौद भरून ठेवायचे तर ते भरणार कशाने? एक तर आपल्या नळाच्या पाण्याने, नाही तर कूपनलिकेने, म्हणजे आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याने. भाच्याला मी म्हटलं, "तुझ्या हॉटेलात तिसरा नळ कुठून आणणार?" तो म्हणाला, "मावशी, आधी पहिल्या दोनांत तरी पाणी येऊ दे." कार्टं हुशार आहे.

खरा तिसरा नळ आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपण त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीच्या काठची गरम पाण्याची कुंडं. वज्रेश्वरीच्या देवळाची कथा चिमाजी अप्पांच्या नवसापर्यंत जाते; 1739 ला वसई पडली आणि नवस फेडला असं सांगतात. माझ्या आजीचे सांधे धरायचे, तेव्हा ती भिवंडीमार्गे एसटीने अकलोलीला जायची, नऊवारीसकट कुंडात उतरायची आणि गंधकाचा वास अंगावर घेऊन रात्री घरी यायची. "रक्त हललं बघ," म्हणायची. तिकीट फक्त एसटीचं. ती कुंडं आजही सगळ्यांना खुली आहेत, हे त्यांचं मोठेपण. पण कपडे बदलायला धड आडोसा नाही, काठावर साबणाची वेष्टनं, पाण्यात प्लास्टिक. बाथमध्ये पंप रूम नावाच्या जुन्या दालनात झऱ्याचं पाणी पेल्यातून देतात. चव म्हणाल तर खिळे उकळलेल्या पाण्यासारखी. लोक ते शांतपणे, करंगळी उंचावून पितात. आमच्या अकलोलीच्या पाण्यातही काही कमी नाही, कमी आहे ती एक स्वच्छ खोली आणि रोज झाडणारा माणूस. स्पावर सरकारी पैसा खर्च करायचाच असेल तर तो तिथे करा, आजीच्या वयाच्या बायकांसाठी. हॉटेल मागाहून येईल, त्याला कोणी आमंत्रण द्यावं लागत नाही.

मालिशबद्दलही सांगून टाकते. ठाण्यात स्पा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती वर्तमानपत्रातली छाप्याची बातमी. त्यामुळे मैत्रिणीच्या 'मालिश' या शब्दात जो तिरस्कार होता तो कुठून आला ते मला कळतं. पण चोळणं-चेपणं हे आपल्याकडे कधी लाजेचं नव्हतं. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई घराघरात यायची, तिचा मान असायचा, बारशाला तिला साडी मिळायची. नरकचतुर्दशीला तांब्याचा बंब पेटायचा, तेल, उटणं. चाळीत हा सोहळा मोरीत व्हायचा. आमच्याकडे येणाऱ्या सखूबाईंच्या हाताला जी जाण होती ती गेन्सबरोतल्या त्या गोड मुलीच्या हाताला नव्हती, आणि ती मुलगी फार चांगली शिकलेली होती. सखूबाईंनी ते आपल्या सासूकडून घेतलं, पुढे कोणाला दिलं नाही. कारण त्यावर पोट भरेना. वाड्यात हॉटेल काढणाऱ्याने जर अशा चार बायकांना पगारावर ठेवलं, भविष्यनिर्वाह निधीसकट, तर त्याच्या हॉटेलला मी पहिलं नारळ फोडीन. तसं होईल असं मात्र मला वाटत नाही. मालिश करायला बाली किंवा थायलंडच्या नावाची पाटी लावायची आणि कोवळ्या मुली दुरून आणून तळघरात बारा तास राबवायच्या, हाच रिवाज पडलाय.

आता सरकारी मालमत्तेबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. खासगी वाड्याचा मालक हॉटेल काढतो तेव्हा तो स्वतःचं घर विकतो किंवा राखतो. सरकार भाडेकरार करतं तेव्हा ते माझं घर भाड्याने देतं. सप्टेंबर 2019 मध्ये राज्यातले 25 किल्ले हॉटेल आणि समारंभांसाठी दीर्घ मुदतीने देणार अशी बातमी आली आणि गदारोळ उठला. मग खुलासा झाला, छत्रपती शिवाजी महाराजांशी निगडित किल्ले आणि संरक्षित किल्ले यात नाहीत, वगैरे. गदारोळ अस्मितेचा होता म्हणून खुलासाही अस्मितेचाच झाला. कराराची मुदत किती, भाडं किती, तटावर चढायची वाट गावकऱ्याला खुली राहणार की नाही, पाण्याची टाकी कोणाची, यावर चार आठवड्यांत कोणी चार ओळी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारल्या नाहीत. तेव्हा मीही तावातावाने फॉरवर्ड करत होते.

ठाण्यात हा प्रश्न एका जागेपाशी येऊन थांबणार आहे, ती म्हणजे जुन्या किल्ल्यातलं कारागृह. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला 1737 ला मराठ्यांनी घेतला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे 1816 साली इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले. 2 मे 1848 ला इंग्रजांविरुद्ध बंड केलेले राघोजी भांगरे इथे फासावर गेले आणि 19 एप्रिल 1910 ला, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे. आजही आत क्षमतेपेक्षा जास्त कैदी आहेत. कारागृह हलवा ही मागणी अधूनमधून होत असते. कधी ना कधी ते हलेलही, आणि त्या दिवशी शहराच्या मधोमध, तटबंदीसकट केवढी तरी जागा मोकळी होईल. तेव्हा कोणीतरी एक सुंदर आराखडा घेऊन येईल याबद्दल मला शंका नाही. जगात दाखले आहेत. इस्तंबूलच्या जुन्या गावात सुलतानअहमदचा तुरुंग होता, तुर्की लेखक-कवी तिथे कोंडले जायचे. 1996 पासून तिथे पंचतारांकित हॉटेल आहे. बॉस्टनमधल्या तुरुंगाचं 2007 साली हॉटेल झालं आणि नाव ठेवलं लिबर्टी.

वाड्याला मी हो म्हटलं, इथे मी नाही म्हणते. कारण सरळ आहे. वाड्याला दुसरं गिऱ्हाईक नाही, या जागेला आहे, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे आपण. जुन्या ठाण्यात मुलांना पळायला जागा नाही, संग्रहालय नाही, तो ताम्रपट परत आला तरी ठेवायला धड कपाट नाही. फाशीच्या कोठडीशेजारी वाफेची खोली नको, एवढी साधी शालीनता तर आहेच. पण शालीनतेवर मी भर देत नाही, कारण तिला हमखास फाटा फुटतो, 'कोठडी आम्ही स्मारक म्हणून जपू, बाकी भागात हॉटेल' असा. तो फाटा बोलायला फार समंजस वाटतो. पुढे वीस वर्षांत काय होतं, तर स्मारकाची वेळ अकरा ते चार होते, सोमवारी बंद, आणि लग्नाच्या तारखांना 'देखभालीसाठी बंद'.

वाड्यांच्या हॉटेलांनाही मोकळं रान नकोच. तळमजल्याची ओसरी चहा प्यायला सगळ्यांना खुली हवी, आणि चहा जांभळी नाक्यावरच्या भाजीवालीला परवडेल असा. मामलेदार मिसळीच्या बाकावर मंत्र्यालाही हमालाशेजारी खेटून बसावं लागतं, तेवढी सक्ती मी हॉटेलवर करणार नाही, पण दारातून हाकलणं चालायचं नाही. रस्त्यावर गाड्या लावायला मिळणार नाहीत. पाहुणा स्टेशनवरून चालत येईल. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी रेल्वे ज्या गावाला आली, त्या गावच्या पाहुण्याला स्टेशनपासून दहा मिनिटं चालायला काय हरकत आहे. विहीर असेल तर तिच्यावर कुलूप नको. आणि पाया खणायच्या आधी पुरातत्त्वाचा माणूस, हॉटेलवाल्याच्या खर्चाने. एवढ्या अटींवर एकही हॉटेलवाला येणार नाही असं भाचा म्हणतो. बाथला आला होता की, सातासमुद्रापारहून.

यातलं काहीही ठरायच्या आधी मला एक कागद वाचायचाय. जुन्या ठाण्यातल्या कुठल्याही सार्वजनिक जागेचा भाडेकरार होणार असेल तर त्याचा मसुदा सहीच्या तीन महिने आधी, मराठीत, 1893 पासून चालू असलेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या टेबलावर ठेवा. संकेतस्थळाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात नको, टेबलावर. मैत्रिणीला घेऊन सकाळीच जाईन. चष्मा तिचा चांगला आहे, आणि बारीक अक्षरातली पोटकलमं ती मुलांच्या उत्तरपत्रिकांसारखी तपासते.